दोन बिंदूंचा नंदी

“ओढ! ओढ म्हनतो ना! रेषा खोटी बोलत नाई पोरी, दोर ओला असन! ओढ!”

सिंदी रेल्वे या गावाच्या बाजारओळीत, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, भर दुपारी माझे थोरले साडभाऊ, म्हणजे साडू, आपल्या हार्डवेअरच्या दुकानाच्या पायरीवर उभे राहून ओरडत होते. आवाज असा की पलीकडच्या जिनिंगमधल्या कापसाच्या गंजीवर झोपलेली मांजरं उठून बसली. पायरीखाली त्यांची नऊ वर्षांची नात, रेवा, दोन्ही हातांत दोर धरून मागे झुकली होती. इतकी झुकली होती की तिच्या वेणीचं रिबीन चिखलाला लागायला आलं होतं. दोराच्या दुसऱ्या टोकाला एक नंदी होता. पाच फूट उंच, अख्ख्या कडुनिंबाचा, ऑइलपेंटने पांढराफेक, गळ्यात घुंगरं, पाठीवर झूल, शिंगांना बेगड. त्याच्या चेहऱ्यावर लग्नात रुसून बसलेल्या नवरदेवाच्या मामाचे भाव होते. तो हलत नव्हता. हलणारही नव्हता. माझ्या मते तो आजपासून दोनशे वर्षांनीही तिथेच असेल, आणि त्याच्या आजूबाजूला उत्खनन करणारे लोक डोकं खाजवत उभे असतील.

माझं स्पष्ट मत आहे, आणि ते मी त्यांच्या तोंडावरही सांगितलेलं आहे, की वर्धा नदीच्या दोन्ही तीरांवर मिळून माझ्या या साडभाऊंइतका सरळ माणूस आजवर झाला नाही. सरळपणाने माणसाचं इतकं वाटोळं होऊ शकतं, हेही त्यांच्याआधी कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांचा भांग सरळ, नाक सरळ, चालणं सरळ. समोर डबकं आलं तर वळसा घालणार नाहीत, डबक्यातून जातील आणि डबक्यालाच दोष देतील. आणि विचार? विचार तर इतका सरळ की एकदा डोक्यात शिरला की दुसऱ्या कानातून निघून थेट बुटीबोरीपर्यंत जायचा. मध्ये कुठे थांबा नाही.

त्याचं मूळ त्यांच्या शिक्षणात आहे. तरुणपणी ते वर्ध्याला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला तीनदा बसले. तिन्ही वेळा मार्क तेवढेच. आलेख काढला असता तर शेताच्या धुऱ्यासारखी, म्हणजे बांधासारखी, आडवी रेष आली असती. पण त्या तीन वर्षांतून ते रिकाम्या हाताने आले नाहीत. एक गोष्ट घेऊन आले, सरळ रेषा. एका गोष्टीत एक पाऊल वाढलं की दुसरीतही ठरलेलं एकच पाऊल वाढायचं, ना कमी ना जास्त. कागदावर मांडलं की रेष सरळ. शास्त्रात याला एकरेषीय संबंध म्हणतात. माझे साडभाऊ याला परमेश्वर म्हणतात. दुकानात देवाच्या तसबिरीखाली त्यांनी आलेखाच्या कागदांचं पुडकं ठेवलेलं आहे आणि उदबत्ती दोघांत मिळून एकच लावतात.

खरं सांगायचं तर दोष त्यांच्या दुकानाचाही आहे. त्या दुकानात विकलं जातं काय? पाईप, दोर, तार, साखळी. दहा फूट पाईप अमुक किलो, वीस फूट पाईप बरोबर त्याच्या दुप्पट. दोर दुप्पट घेतला तर वजन दुप्पट, किंमत दुप्पट. सकाळी शटर उघडल्यापासून रात्री पाडेपर्यंत त्या माणसासमोर रेषा खरीच ठरत असते. बिचाऱ्याचं जगच लांबीचं. त्यात रुंदी आणि उंची नावाच्या गोष्टी कधी गिऱ्हाईक म्हणूनसुद्धा आल्या नाहीत.

लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेलो तो प्रसंग सांगतो. मी वर्ध्याच्या एका शाळेत इतिहास शिकवतो, म्हणून ते मला पहिल्या दिवसापासून ‘मास्तर’ म्हणतात, आणि असं म्हणतात की त्या शब्दाला डाग लागावा. पाटावर बसलो. ताई, म्हणजे त्यांची बायको आणि माझी मेव्हणी, भाजी वाढत होत्या. साडभाऊंनी घड्याळाकडे पाहिलं.

“मास्तर, साखरपुड्याले तुमी दहा मिनिटं उशिरा आलते. आज वीस मिनिटं.”

“हो, गाडी जरा...”

“गाडीचं नोका सांगू. दोन बिंदू झाले. दोन बिंदूतून एकच रेषा जाते. तिसाव्या खेपेले तुमी पाच तास उशिरा येसान.” मग आत वळून त्यांनी ताईंना हाक मारली, “अवो, यायच्या तिसाव्या खेपेले सैपाक रात्री करजो!”

हे त्यांचं मुख्य सूत्र. दोन बिंदू मिळाले की रेषा काढायची, आणि रेषा काढली की पट्टी पेटीत ठेवून द्यायची. तिसऱ्यांदा मोजायला त्यांचा तात्त्विक विरोध होता. मी एकदा म्हटलं, “भाऊजी, तिसरा बिंदू घेऊन पाहावा, रेषेवर येतो की नाही ते कळेल.” ते इतके दुखावले की त्यांनी हातातला पापड खाली ठेवला. “तिसरा बिंदू म्हंजे काय गा मास्तर? पहिल्या दोघायवर घेतलेला संशय! मी कोनावर संशय घेत नाई.” एवढं बोलून त्यांनी पापड पुन्हा उचलला. त्या पापडाचेसुद्धा त्यांनी दोनच घास केले.

जेवण झाल्यावर त्यांनी मला परमेश्वराचं दर्शन घडवलं. दुकानाच्या आढ्याला एक स्प्रिंग टांगलेली होती. तिला एक लोखंडी कडी अडकवली, स्प्रिंग बोटभर ताणली. दोन कड्या अडकवल्या, दोन बोटं ताणली. “पाहा! जितका भार तितका तान. देवानं दुनिया याच हिशोबानं बनवली.” माझ्या चेहऱ्यावर भक्तिभाव कमी पडला असावा, कारण त्यांनी मलाच हुकाला लोंबकळायला सांगितलं. नवा जावई, सासुरवाडीचं माणूस, नाही कसं म्हणणार? लोंबकळलो. स्प्रिंगने एक क्षण विचार केला, मग ‘टण्ण’ असा आवाज करून ती सरळ तार झाली आणि मी खिळ्यांच्या पोत्यावर बसलो. किती खिळे, कुठे, हा तपशील कुटुंबवत्सल वाचकांसाठी नाही. स्प्रिंग एका मर्यादेपर्यंतच हिशोबाने ताणते आणि पुढे हिशोब सोडते, ही गोष्ट ज्या पानावर होती ते पान यांनी तिन्ही वर्षं सोडलेलं होतं. तरी मला उठवायच्या आधी त्यांनी तारच उचलली, डोळ्यांजवळ नेली आणि निर्णय दिला, “स्प्रिंग खोटी निंगाली. रेषा नाई.”

हे वाक्य मी पुढे अनेकदा ऐकलं. एका वर्षी मार्च महिन्याच्या सुरुवातीला पेपरात आज छत्तीस डिग्री आणि उद्या सदतीस असं आलं. झाले दोन बिंदू! साडभाऊंनी रेषा काढली आणि ताईंना सांगितलं की मेच्या पहिल्या आठवड्यात सिंदीत पाणी आपोआप उकळेल, सिलिंडर बुक करायची गरज नाही, वरण अंगणात ठेवलं की झालं. ताई म्हणाल्या, “तुमचं डोस्कं तं मार्चातच उकळून राह्यलं.” मे आला. सिंदी तापली, माणसं पोळली, पाणी काही उकळलं नाही. “मे खोटा निंगाला,” साडभाऊ म्हणाले.

आणि गणपतीचा तो महाप्रसाद! गल्लीच्या वरणाचा हिशोब यांच्याकडे आला. घरी दोन वाट्या डाळीला चार शिट्ट्या लागतात. म्हणून यांनी कुठून तरी हौदाएवढा कुकर आणला, चाळीस वाट्या डाळ घातली आणि जाहीर केलं, “ऐंशी शिट्ट्या!” संध्याकाळपासून तो कुकर शिट्ट्या देत राहिला. स्टेशनावरच्या माणसाला वाटलं, मालगाडी सिग्नलला अडकली. तो कंदील घेऊन फलाटावर पळाला म्हणतात. मी पाहिलं नाही, पण त्याच्या जागी मी असतो तर पळालो असतो. झाकण उघडलं तेव्हा डाळ वरण या अवस्थेच्या पलीकडे पोचली होती. ती नंतर भिंतीच्या भेगा बुजवायला वापरली, आणि त्या भेगा आजतागायत बुजलेल्या आहेत.

असा हा माणूस. आता नंदी.

बाहेरगावच्या वाचकांसाठी दोन शब्द. पोळ्याला आमच्याकडे खरे बैल सजतात, आणि दुसऱ्या दिवशी पोट्ट्यांचा तान्हा पोळा असतो. चाकांचे लाकडी नंदी सजवून पोरं ते दोराने ओढत नेतात, झडत्या म्हणतात, म्हणजे ओरडून म्हणायची गमतीची कवनं, आणि घरोघर त्यांना बोजारा मिळतो, म्हणजे खाऊ किंवा खुशीचे पैसे. सिंदीत या प्रकाराला काही सुमार राहिलेला नाही. इथले मंडळांचे नंदी दाराच्या चौकटीत मावत नाहीत. पण ते आतून पोकळ असतात आणि ओढायला अख्खं मंडळ लागतं. घरचे नंदी मात्र वीत-दोन वीत.

रेवाला साडभाऊंनी पहिला नंदी करून दिला तो फूटभर उंच, वजन चार किलो. पुढच्या वर्षी पंधरा इंची, वजन आठ किलो. दोन्ही त्यांनी दुकानाच्या काट्यावर तोलले होते, कारण त्यांच्या घरात न तोललेली वस्तू म्हणजे फक्त त्यांचं बोलणं. त्याच वर्षी रेवाच्या वर्गातल्या पोट्ट्यांनी तिला चिडवलं, “तुवा नंदी हाये का उंदीर?” रेवा फणकारली. आणि बरोबर त्याच महिन्यात तिच्या बापाला, म्हणजे साडभाऊंच्या एकुलत्या एका मुलाला, कॅनडात नोकरी लागली. पुढचा तान्हा पोळा झाला की सगळं बिऱ्हाड जाणार होतं. म्हणजे रेवाच्या हाती एकच पोळा उरला होता.

“आबाजी,” ती म्हणाली, “मले सगळ्यात मोठा पायजे. अन् मी एकटीच ओढीन. सगळ्यायसमोर.”

आबाजींनी शब्द दिला. आणि रेवाने तो शब्द वर्गात, गल्लीत, ट्यूशनला, शेजारच्या गायीपर्यंत सगळ्यांना सांगून टाकला. आता माघार नव्हती.

साडभाऊंनी आलेखाचा कागद काढला. बारा इंचांना चार किलो, पंधरा इंचांना आठ किलो. तीन इंचांमागे चार किलो वाढ. बिंदू दोन, रेषा एक. ती रेषा त्यांनी पाच फुटांपर्यंत ओढत नेली आणि पेन्सिल कानावर ठेवली. “अडुसष्ट किलो. चाकावर अडुसष्ट किलो म्हंजे काहीच नाई. पोट्टी पिठाचा डबा सरकवल्यासारखा ओढून नेईन.”

मी त्या कागदाकडे पाहिलं. मी इतिहासाचा माणूस, पण रेषा खालच्या बाजूलाही जाते एवढं मलाही दिसतं. “भाऊजी,” मी म्हटलं, “तुमची ही रेषा नऊ इंचांवर शून्याला टेकते. म्हणजे नऊ इंची नंदीला वजनच नाही. आणि सहा इंची केला तर त्याला बांधून ठेवावा लागेल, नाहीतर तो उडून जाईल.”

“तुमाले सहा इंची पायजे का?”

“नाही.”

“मंग कायले बोलून राह्यले?”

वाचकहो, चूक साधी होती. विटेच्या दुप्पट वीट करायची तर लांबी दुप्पट, रुंदी दुप्पट आणि उंचीही दुप्पट, म्हणजे एकीच्या जागी आठ विटा. नंदी पाईपसारखा एकाच बाजूने वाढत नाही. तो भरतो. अंगाने भरतो, पोटाने भरतो, वशिंडाने भरतो. फूटभर नंदी पाच फुटांचा केला तर तो पाचपट होत नाही, सव्वाशेपट होतो. चार किलोचे पाचशे होतात. पण ज्याने आयुष्यभर पाईप विकला त्याला पोट असलेली वस्तू समजवणार कोण?

सुताराने प्रयत्न केला. तो म्हणाला, “भाऊ, सगळे मंडळवाले करतात तसा करू. वरून फळ्या, आतून हवा.”

“आतून हवा भाषनवाल्यायच्या डोस्क्यात असते,” साडभाऊ गरजले, “माह्या नंदीत नाई! पहिले दोन भरीव होते. हा पोकळ केला तं रेषाच बदलते.”

त्यांच्या शेतात वादळाने पडलेला एक कडुनिंब होता. तो अख्खा नंदीत गेला. ओंडक्याला ओंडका जोडत महिनाभर काम चाललं. दुकानामागच्या गोदामात नंदी मोठा होत गेला, तशी जमीन दबत गेली. चाकं साडभाऊंनी स्वतः निवडली. अडुसष्ट किलोंच्या हिशोबाने, वर थोडा धीर म्हणून शंभर किलोंची. सुताराने चाकांकडे पाहिलं, नंदीकडे पाहिलं आणि पोळ्याच्या आठवड्यात गावाला निघून गेला. त्याला मी दोष देत नाही. कितीतरी शहाणे राज्यकर्ते याच प्रकारे इतिहासात टिकून राहिले आहेत.

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी गोदामातून नंदी बाहेर काढायला मालधक्क्यावरचे बारा हमाल आले. निघाला तोपर्यंत बाराजण म्हातारे झाले होते. दुकानाच्या दारापर्यंत येताना चाकांनी जो आवाज केला तो आवाज मी फक्त दाढ काढताना ऐकला आहे. “तोलून तरी पाहा आता,” मी सुचवलं. साडभाऊंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं जणू मी त्यांना देवळात चपला घालून जायला सांगत होतो.

आणि मग ती दुपार. रेवा नवा परकर-पोलका घालून आली. मागे वर्गातले पोट्टे आपापले छोटे नंदी घेऊन उभे. अर्धी सिंदी जमलेली. रेवाने दोर धरला, हळूच “हर हर महादेव” म्हटलं आणि ओढलं. चारही चाकं एकाच वेळी चार दिशांना निघून गेली. एक तर थेट समोरच्या किराणावाल्याच्या ओट्यावर जाऊन बसलं. नंदी खाली बसला. नुसता बसला नाही, ओल्या जमिनीत चार बोटं रुतून मुक्कामाला बसला. आणि साडभाऊ ओरडू लागले, “ओढ! ओढ म्हनतो ना! रेषा खोटी बोलत नाई!”

रेवा ओढत राहिली. तिचे तळहात लाल झाले. पोट्ट्यांनी गप्प बसावं की नाही? त्यांनी जागेवर झडती रचली.

“पाईपवाल्या दुकानात नंदी आला मोठा,
हलेना जागचा, पन हिशोब नाई खोटा!”

सगळा बाजार हसला. मीही हसलो. खोटं कशाला बोलू, सगळ्यात मोठ्याने मीच हसलो. आयुष्यभर वाट पाहिलेली मेजवानी समोर आली होती. खिळ्यांच्या पोत्यापासूनची सगळी थकबाकी मला तिथे व्याजासकट मिळत होती. मी साडभाऊंकडे पाहिलं, ते आता काय म्हणतात ते ऐकायला. नंदी खोटा निघाला म्हणतील? कडुनिंब खोटा? सिंदीची जमीन खोटी?

ते नातीकडे पाहत होते. तिने दोर सोडला नव्हता. आबाजींनी सांगितलं होतं की हलेल, म्हणून ती अजून ओढत होती. त्या सगळ्या बाजारात रेषेवर विश्वास असलेलं ते एकच माणूस उरलं होतं, आणि ते नऊ वर्षांचं होतं. साडभाऊ पायरीवरून उतरले, तिच्याजवळ गेले आणि तिच्या हातातून दोर काढून घेऊ लागले. ती सोडेना.

“सोड बेटा,” ते म्हणाले. “दोर ओला नाई. माह्यंच चुकलं.”

सबंध आयुष्यात हे वाक्य त्यांच्या तोंडून मी त्याआधी ऐकलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही. माझं हसू तिथेच थांबलं, आणि त्याचा मला फार राग आला. ज्या माणसाला आपण वर्षानुवर्षं मनसोक्त हसतो त्याने असं अचानक शहाणं होणं हा विश्वासघात आहे.

रेवाने नाक पुसलं. मग ती पळत दुकानात गेली, फळीवरून मागच्या वर्षीचा पंधरा इंची नंदी उचलला आणि धापा टाकत बाहेर घेऊन आली. त्याला जुनाच दोर होता. ती ऐटीत निघाली. पोट्टे ओरडले, “अवं, मोठा कुठं हाय? मोठा आननार होती ना?”

“हा त्याचा गोऱ्हा हाये,” रेवा मान न वळवता म्हणाली. “बाप दुकानावर बसला. म्हाताऱ्या मानसायले कायले हिंडवाचं?”

ती पोळ्याच्या गर्दीत शिरली. तिच्या दहा पावलं मागे, हात पाठीशी बांधून, माझे साडभाऊ. सरळ नव्हते चालत. रेवा ज्या घराकडे वळायची तिकडे वळायचे, ती थांबायची तिथे थांबायचे, एका डबक्याला तर तिच्या मागोमाग चक्क वळसा घातला. घरोघर तिला बोजारा मिळाला आणि प्रत्येक घरी तिने तीच थाप मारली. संध्याकाळपर्यंत सिंदीतली सगळी पोरं दुकानासमोर बापनंदीचं दर्शन घ्यायला आली. पाठीवर चढली, शिंगाला लोंबकळली. काही तुटलं नाही. भरीव लाकूड ना!

कॅनडाला निघण्याच्या आदल्या दिवशी साडभाऊंनी रेवाला नंदीला टेकून उभं केलं, डोक्यावर पट्टी ठेवली आणि नंदीच्या मानेवर पेन्सिलने एक खूण केली. दोन वर्षांनी ती सुट्टीत आली तेव्हा दुसरी. ती वशिंडाच्या जरा खाली. तेव्हा ती “आबाजी” म्हणाली, पण पुढचं निम्मं बोलणं इंग्रजीत होतं, आणि नंदीवर चढताना तिने कपडे मळतील का ते आधी पाहिलं.

नंदी अजून तिथेच आहे. त्याला कुणी हलवू शकलेलं नाही. सिंदीत आता पत्ता सांगताना ‘बसल्या नंदीचं दुकान’ असंच सांगतात. पावसात रंग उडतो, दर पोळ्याला साडभाऊ नवा देतात. सगळा देतात, फक्त मानेजवळची वीतभर जागा सोडून. उगीच जवळ जाऊ नका, ओरडतील.

परवा मी गेलो होतो. उशिराच गेलो, पण पाच तास नाही, हे मुद्दाम नोंदवतो. ताईंनी चहा दिला. मुलाचा फोन येऊन गेला होता. यंदाही येणं जमत नाही, तिकिटं महाग झाली, पुढच्या वर्षी नक्की. आधी तो फोन रोज यायचा, आता रविवारच्या रविवारी येतो. हेही दोन बिंदूच आहेत, आणि यांच्यातून जाणारी रेषा कुठे जाऊन टेकते ते दिसायला बी.एस्सी. लागत नाही. ती मी काढली नाही. एवढी वर्षं या माणसाच्या सहवासात राहून मलाही थोडी अक्कल आली असावी.

साडभाऊ नंदीजवळ स्टूल टाकून बसले होते. म्हटलं, जरा छेडावं. गप्प बसणं त्यांना शोभत नाही आणि मला सोसत नाही. मी खिशातून पेन काढलं, नंदीच्या मानेवरच्या दोन खुणांवर टेकवलं.

“काय भाऊजी, बिंदू दोन झाले ना? मग काढा की रेषा. रेवा शिंगाच्या टोकाला कोणत्या साली लागते ते सांगून टाका, म्हणजे आम्हीही तयारीत राहू.”

त्यांनी माझं पेन हळूच बाजूला केलं. खुणेवर धूळ बसली होती, ती अंगठ्याने पुसली.

“तिसरा येऊ द्या.”